१७ वर्षांच्या पोरासाठी क्लबने २२ नंबरची जर्सी रिटायर केली, तेव्हा सगळे हसले होते. पण ज्यूड बेलिंगहॅमची गोष्ट तिथूनच सुरू होते

३१ ऑगस्ट २०१७. आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने श्रीलंकेविरुद्ध वन-डे पदार्पण केलं. पण त्याच्या बॉलिंगपेक्षा जास्त चर्चा झाली ती पाठीवरच्या नंबरची. नंबर होता १०. सचिनचा नंबर घातलाच कसा, म्हणून सोशल मीडियावर पब्लिकने त्याला धू धू धुतला. पुढे शार्दूलने ५४ नंबर घेतला आणि १० नंबर आता कुणालाच द्यायचा नाही, असं बीसीसीआयने अनौपचारिकरीत्या ठरवून टाकलं.

सचिनसाठी असं केलं यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. २४ वर्षांची कारकीर्द आणि १०० आंतरराष्ट्रीय शतकं म्हटल्यावर विषयच संपला.

पण हाच मान एखाद्या १७ वर्षांच्या पोराला मिळाला तर? तेही एकच सीझन खेळून, ४४ मॅच आणि ४ गोल एवढ्या हिशेबावर?

जुलै २०२० मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम सिटी या क्लबने नेमकं हेच केलं. क्लब सोडून जाणाऱ्या ज्यूड बेलिंगहॅम नावाच्या मिडफिल्डरची २२ नंबरची जर्सी त्यांनी रिटायर केली. ट्विटरवर मीम्सचा पाऊस पडला. ज्या क्लबला धड वरच्या डिव्हिजनमध्येही जाता येत नाही, त्याने असले लाड करावेत, यावर लोक पोट धरून हसले.

तीन वर्षांनी त्याच पोरासाठी रिअल माद्रिदने १० कोटी युरोंच्या वर पैसे मोजले.

मधल्या तीन वर्षांत काय झालं आणि त्याच्याआधी काय घडलं होतं, तेच सविस्तर बघू.

पोलिसाचं घर आणि फुटबॉलचं वेड

ज्यूडचा जन्म २९ जून २००३ चा. गाव स्टोअरब्रिज, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला. वडील मार्क बेलिंगहॅम वेस्ट मिडलँड्स पोलिसांत सार्जंट होते. पण परिसरात त्यांची ओळख होती गोल ठोकणारा गडी म्हणून. इंग्लंडमध्ये मोठ्या व्यावसायिक लीगच्या खाली छोट्या क्लबांची एक उतरंडच आहे. नोकरी-धंदा सांभाळून लोक तिथे खेळतात. आपल्याकडे बँकेत किंवा रेल्वेत नोकरी करून मैदान गाजवणारे खेळाडू असतात, साधारण तसंच समजा. मार्क यांनी या मैदानांवर शेकडो गोल केले.

त्यामुळे ज्यूड आणि त्याचा धाकटा भाऊ जोब, दोघांच्याही डोक्यात लहानपणापासून फुटबॉल होता. ज्यूडने स्टोअरब्रिजच्या मुलांच्या क्लबमधून सुरुवात केली आणि सात-आठ वर्षांचा असताना बर्मिंगहॅम सिटीच्या अकॅडमीत दाखल झाला.

पोरगा वयाच्या पुढे होता. अकॅडमीने त्याला सतत मोठ्या मुलांत खेळवलं. १४ व्या वर्षी तो १८ वर्षांखालील संघात होता आणि १५ व्या वर्षी २३ वर्षांखालील संघात. समोरचा अंगाने दुप्पट असला तरी बॉल कसा राखायचा, याची सवय त्याला तिथेच लागली.

२२ नंबरचं गणित काय आहे?

क्रिकेटमध्ये जर्सीच्या नंबरचा आणि खेळाचा संबंध नसतो. फुटबॉलमध्ये मात्र जुन्या काळापासून नंबर म्हणजे मैदानावरचं काम.

मिडफिल्डमध्ये तीन नंबर महत्त्वाचे. ४ नंबरवाला बचावफळीच्या पुढे उभा राहतो, समोरच्याचा हल्ला मोडतो आणि बॉल हिसकावतो. ८ नंबरवाला एका गोलपोस्टपासून दुसऱ्या गोलपोस्टपर्यंत पळत राहतो, बचावाला मागे येतो आणि हल्ल्यात पुढे जातो. १० नंबरवाला स्ट्रायकरच्या मागे खेळतो. गोलची संधी तयार करणं हे त्याचं काम. पेले, मॅराडोना, मेस्सी यांच्यामुळे हा नंबर सगळ्यांत ग्लॅमरस झाला. साहजिकच लहान पोरांना हाच हवा असतो.

ज्यूडलाही १० नंबरच व्हायचं होतं. पण अकॅडमीतले त्याचे कोच माइक डॉड्स यांचं मत वेगळं पडलं. त्यांनी त्याला समजावलं की तुला एकाच कामात अडकायची गरज नाही, तू ४, ८ आणि १० ही तिन्ही कामं करू शकतोस.

४ अधिक ८ अधिक १० म्हणजे २२.

पहिल्या संघात आल्यावर ज्यूडने हाच नंबर घेतला. क्लबने पुढे रिटायर केला तो हा नंबर. तो पोराला असाच वाटणीला आलेला नव्हता, अकॅडमीने त्याला कसं घडवलं याचा हिशेब त्यात होता.

१६ वर्षं ३८ दिवस

६ ऑगस्ट २०१९ रोजी लीग कपमध्ये पोर्ट्समथविरुद्ध कोच पेप क्लोटेट यांनी ज्यूडला मैदानात उतरवलं. वय १६ वर्षं ३८ दिवस. बर्मिंगहॅमच्या पहिल्या संघाकडून खेळणारा तो सर्वांत लहान खेळाडू ठरला. आधीचा रेकॉर्ड १९७० पासून ट्रेव्हर फ्रान्सिस यांच्या नावावर होता. फ्रान्सिस म्हणजे १९७९ मध्ये १० लाख पौंडांच्या किमतीला गेलेले पहिले ब्रिटिश फुटबॉलर. त्यांचा जवळपास ४९ वर्षं टिकलेला रेकॉर्ड एका शाळकरी वयाच्या पोराने मोडला.

ती मॅच बर्मिंगहॅमने ३-० अशी हरली. पण महिना संपायच्या आत पोराने जिंकूनही दिलं. ३१ ऑगस्टला स्टोक सिटीविरुद्ध तो जखमी खेळाडूच्या जागी मैदानात आला आणि त्याच्या गोलवर बर्मिंगहॅमने २-१ ने मॅच मारली. क्लबच्या इतिहासातला सर्वांत लहान गोलस्कोअररही आता तोच होता. पुढच्याच मॅचमध्ये चार्लटनविरुद्ध एकमेव गोलही त्याचाच.

आता तो खेळत होता ती लीग समजून घ्या. चॅम्पियनशिप म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची डिव्हिजन. २४ संघ आणि प्रत्येकाला ४६ मॅच. खेळ अंगावर येणारा, विश्रांती कमी. इथे १६ वर्षांच्या पोराला फार तर शेवटची दहा मिनिटं मिळतात. ज्यूड मात्र त्या सीझनला लीगच्या ४१ मॅच खेळला. कधी मधोमध, कधी डाव्या बाजूला, कधी उजव्या. जिथे गरज पडेल तिथे.

विशेष म्हणजे तेव्हा त्याच्याकडे व्यावसायिक करारही नव्हता. इंग्लंडच्या नियमानुसार १७ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय तो करता येत नाही. त्यामुळे संपूर्ण सीझनभर तो कागदोपत्री प्रशिक्षणार्थीच होता.

क्लबला पैशांची गरज होती

इकडे बर्मिंगहॅमचं गणित बिघडलेलं होतं. मार्च २०१९ मध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल लीगने त्यांचे ९ पॉइंट्स कापले होते. २०१९-२० मध्येही संघ खाली-खाली जात राहिला. त्यात मार्च २०२० ला कोरोना आला, लीग थांबली, तिकिटांचं उत्पन्न बंद झालं. जूनमध्ये खेळ पुन्हा सुरू झाला तो रिकाम्या स्टेडियममध्ये.

शेवटच्या दिवशी बर्मिंगहॅमने मॅच हरली तरी ५० पॉइंट्सवर २० वा नंबर राखून डिव्हिजन वाचवली. खाली घसरलेल्या चार्लटनचे ४८ पॉइंट्स होते. दोन पॉइंट्सच्या फरकाने तग धरलेल्या संघात १६ वर्षांच्या पोराने जिंकून दिलेल्या मॅचची किंमत काय असेल, हे वेगळं सांगायला नको.

अशा क्लबसाठी ज्यूड म्हणजे घरातलं सोनं होतं. ते विकावं लागणार हे सगळ्यांना कळत होतं. प्रश्न एवढाच की घेणार कोण?

मँचेस्टर सोडून डॉर्टमुंड का?

मँचेस्टर युनायटेड त्याच्या मागे हात धुवून लागला होता. मार्च २०२० मध्ये ज्यूड आई-वडिलांसोबत युनायटेडच्या ट्रेनिंग ग्राउंडवर गेला, तिथे खुद्द सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन त्याला भेटले, अशा बातम्या आल्या. इंग्लंडमधल्या पोरासाठी याहून मोठं निमंत्रण कुठलं असणार?

पण बेलिंगहॅम कुटुंबाने जर्मनीतल्या बोरुसिया डॉर्टमुंडला होकार दिला.

कारण साधं होतं. मोठ्या क्लबमध्ये जाणं आणि मोठ्या क्लबमध्ये खेळायला मिळणं यात फरक असतो. श्रीमंत क्लब १७-१८ वर्षांच्या पोरांना घेतात, बेंचवर बसवतात आणि मग इकडे-तिकडे लोनवर पाठवत राहतात. त्यात हातातली दोन-तीन वर्षं निघून जातात.

डॉर्टमुंडचा धंदाच वेगळा आहे. तरुण पोरं घ्यायची, त्यांना थेट पहिल्या संघात खेळवायचं आणि मोठी झाली की मोठ्या किमतीला विकायचं. उस्मान डेम्बेले आणि क्रिस्तियन पुलिसिक याच वाटेने गेले. मँचेस्टर सिटीच्या अकॅडमीतून बाहेर पडलेला जेडन सांचो २०१७ मध्ये तिथे जाऊन स्टार झाला होता. जानेवारी २०२० मध्ये एर्लिंग हालांडही तिथेच आला होता.

२० जुलै २०२० ला करार जाहीर झाला. रक्कम साधारण अडीच कोटी पौंड, त्या वेळच्या हिशेबाने २३५ कोटी रुपयांच्या आसपास. ज्यूडला १७ वर्षं पूर्ण होऊन तीनच आठवडे झाले होते. आई डेनिस त्याच्यासोबत जर्मनीला राहायला गेल्या आणि वडील जोबसोबत इंग्लंडमध्ये थांबले.

सहा महिने उशीर झाला असता तर?

या करारातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालील खेळाडूला सहसा दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये जाता येत नाही. लहान मुलांचा बाजार होऊ नये म्हणून हा नियम आहे. त्यात एक सवलत आहे, ती म्हणजे युरोपियन युनियनच्या आत १६ ते १८ वयाच्या खेळाडूंना देश बदलता येतो.

ब्रिटन जानेवारी २०२० मध्ये युनियनमधून बाहेर पडला होता. पण ३१ डिसेंबर २०२० पर्यंत संक्रमणकाळ होता, म्हणजे जुने नियम चालू होते. ज्यूड या खिडकीतून निघाला. १ जानेवारी २०२१ पासून ही वाट बंद झाली. १७ वर्षांच्या इंग्लिश पोराला आज जर्मनीतल्या क्लबमध्ये जायचं असेल, तर १८ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं.

टॅलेंट आणि मेहनत आहेच, पण करिअरमध्ये तारीखही बघावी लागते ती अशी.

जर्सी रिटायर झाली आणि टिंगल सुरू झाली

सीझन संपल्याबरोबर बर्मिंगहॅमने २२ नंबर रिटायर करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याच अकॅडमीतल्या एका पोराची आठवण राहावी आणि मागून येणाऱ्यांना प्रेरणा मिळावी, असा क्लबचा मुद्दा होता.

पण बाहेरच्यांना दिसले ते फक्त आकडे. ४४ मॅच, ४ गोल. फुटबॉलमध्ये जर्सी रिटायर होते ती दिग्गजांची, किंवा खेळता-खेळता जीव गमावलेल्यांची. त्यामुळे टिंगल होणं स्वाभाविक होतं. दुसरी अडचण अशी की पोरगा पुढे फ्लॉप गेला असता, तर हा २२ नंबर त्याच्या नावाने कायमचा जोक बनून राहिला असता. पोराला पुढे सिद्ध करायचं होतं ते हे ओझं घेऊनच.

डॉर्टमुंडमध्येही त्याने २२ नंबरच घेतला.

डॉर्टमुंडची तीन वर्षं

१४ सप्टेंबर २०२० रोजी जर्मन कपमध्ये त्याने डॉर्टमुंडकडून पहिली अधिकृत मॅच खेळली आणि गोल केला. ऑक्टोबरमध्ये लाझिओविरुद्ध चॅम्पियन्स लीगची मॅच सुरू करणारा तो सर्वांत लहान इंग्लिश खेळाडू ठरला. १२ नोव्हेंबरला वेम्बलीवर आयर्लंडविरुद्ध इंग्लंडच्या सीनियर संघातून पदार्पण झालं, वय १७ वर्षं १३६ दिवस. त्याच्यापेक्षा लहान वयात इंग्लंडकडून खेळलेले तोपर्यंत दोघेच होते, थिओ वॉलकॉट आणि वेन रूनी.

एप्रिल २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलमध्ये त्याने गोल केला. डॉर्टमुंड बाहेर पडला, पण पेप गार्डिओलाच्या संघासमोर १७ वर्षांचा पोरगा बिनधास्त खेळला, हे युरोपने बघितलं. पुढच्या महिन्यात जर्मन कप हातात आला. जूनमध्ये युरो स्पर्धेत क्रोएशियाविरुद्ध उतरून तो मोठ्या स्पर्धेत खेळणारा सर्वांत लहान इंग्लिश खेळाडू झाला.

सगळंच गोड नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये बायर्न म्युनिककडून ३-२ ने हरल्यावर त्याने टीव्हीवर थेट रेफ्रीवर टीका केली आणि जर्मन फुटबॉल संघटनेने ४० हजार युरोंचा दंड ठोकला. १८ वर्षांच्या पोराचं डोकं फिरलं होतं आणि त्याचं बिल त्याला भरावं लागलं.

त्याची वाढ मोजायची असेल तर तीन सीझनचे गोल बघा. पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी ६, तिसऱ्या वर्षी १४. सुरुवातीला तो ४ आणि ८ नंबरचं काम जास्त करत होता, मग हळूहळू १० नंबरकडे सरकला. माइक डॉड्स यांची बेरीज मैदानावर दिसायला लागली. १९ व्या वर्षी त्याने डॉर्टमुंडचं कर्णधारपद सांभाळलं. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये इराणविरुद्ध इंग्लंडचा पहिला गोल त्याचाच होता.

शेवट मात्र जिव्हारी लागला. २७ मे २०२३ ला मेन्झला हरवलं की डॉर्टमुंड चॅम्पियन, असं गणित होतं. ज्यूड दुखापतीमुळे बेंचवर होता. मॅच २-२ अशी सुटली, तिकडे बायर्नने शेवटच्या मिनिटांत गोल केला आणि पॉइंट्स समान असूनही गोलफरकावर विजेतेपद गेलं. ज्यूड बुंडेसलिगाचा त्या सीझनचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, पण ट्रॉफी नाही.

माद्रिदमध्ये मिडफिल्डरचा गोलस्कोअरर झाला

जून २०२३ मध्ये रिअल माद्रिदने त्याला घेतलं. ठरलेली रक्कम १० कोटी ३० लाख युरो, म्हणजे ९०० कोटी रुपयांच्या वर. शिवाय कामगिरीनुसार वाढीव पैसे वेगळे. तिथे २२ नंबर अँटोनियो रुडिगरकडे होता, म्हणून ज्यूडने ५ घेतला. हा नंबर एकेकाळी झिनेदिन झिदानचा.

त्याच उन्हाळ्यात करीम बेन्झेमा क्लब सोडून गेला होता आणि माद्रिदने तोडीचा स्ट्रायकर आणलाच नाही. कोच कार्लो अँचेलॉटी यांनी व्हिनिसियस आणि रॉड्रिगो या दोघांच्या मागे ज्यूडला मोकळं सोडलं. बचावपटूंचं लक्ष पुढच्या दोघांवर असायचं आणि हा मागून पळत येऊन बॉक्समध्ये घुसायचा.

निकाल असा की लीगच्या पहिल्या चार मॅचमध्ये ५ गोल. २८ ऑक्टोबरला बार्सिलोनाविरुद्धच्या पहिल्याच एल क्लासिकोमध्ये संघ १-० ने मागे असताना दोन्ही गोल त्याचे, त्यातला विजयी गोल इंज्युरी टाइममध्ये. कोपा ट्रॉफी आणि गोल्डन बॉय हे तरुण खेळाडूंसाठीचे दोन्ही मोठे पुरस्कार त्या वर्षी त्यालाच मिळाले. सीझनअखेर लीगमध्ये १९ आणि एकूण २३ गोल. माद्रिदने ला लिगा जिंकली आणि १ जून २०२४ ला चॅम्पियन्स लीगही. फायनल वेम्बलीवर होती आणि समोरचा संघ होता डॉर्टमुंड.

याची किंमतही आहे

२० वर्षांचा होण्याआधीच ज्यूड दोन क्लबांकडून १७६ मॅच खेळला होता, इंग्लंडच्या मॅच त्यात धरलेल्याच नाहीत. लवकर खेळायला मिळालं म्हणून तो घडला हे खरं, पण शरीर तेवढंच झिजतं हेही खरं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचा डावा खांदा निखळला. त्यानंतर बराच काळ तो खांद्याला आधार बांधून खेळला आणि अखेर जुलै २०२५ मध्ये ऑपरेशन करावं लागलं. मॅचची संख्या वाढत चालल्याबद्दल खेळाडूंच्या संघटना ओरडतात, तेव्हा त्यांच्यासमोर अशीच उदाहरणं असतात.

आणि बर्मिंगहॅमला काय मिळालं?

ज्यूडला विकून आलेले पैसे तर मिळालेच. पण फिफाचा आणखी एक नियम आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की रकमेतला ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी रकमेच्या पाव टक्का, त्यानंतर प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का. त्यामुळे ज्यूड जर्मनीतून स्पेनला गेला, तेव्हा बर्मिंगहॅमच्या अकॅडमीचाही त्यात वाटा होता. पोरं घडवणाऱ्या छोट्या क्लबांची चूल पेटती राहावी, यासाठीच ही सोय आहे.

धाकटा जोब याच अकॅडमीतून जानेवारी २०२२ मध्ये पहिल्या संघात आला आणि भावानंतर क्लबचा दुसरा सर्वांत लहान खेळाडू ठरला. पुढे संडरलंडला गेल्यावर त्याने जर्सीवर आडनाव न लिहिता फक्त ‘जोब’ लिहिलं. भावाच्या नावावर जगायचं नाही, हा सरळ मेसेज होता. २०२५ मध्ये त्यालाही विकत घेतलं ते डॉर्टमुंडनेच.

राहता राहिला २२ नंबर. २०२० मध्ये लोकांनी ४४ मॅच आणि ४ गोल मोजले होते. बर्मिंगहॅमने मोजली होती ती ४, ८ आणि १० ची बेरीज. सात-आठ वर्षांच्या वयापासून जे त्या पोराला रोज बघत होते, त्यांचा हिशेब बरोबर निघाला.